शाळेचं डोहाळजेवण

शाळेला दिवस गेलेत, ही बातमी गावात मीच पसरवली.

नागरबाई थापा मारते, हे आमच्या हळदवाडीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल. मारते की. माझ्या सासऱ्याच्या म्हशीनं आगगाडी अडवून धरली होती, हे मी छातीठोक सांगते, आणि आमच्या शिवारातनं आगगाडी जातच नाही. पण शाळेची गोष्ट तसली नाही. यातले रुपयाला बारा आणे खरे आहेत, आणि राहिलेले चार आणे त्याहून खरे.

आधी भिंतीचं सांगते. आमच्या भागाला भिंतीचं भ्या आहे. भूकंप झाला तेव्हा मी नवी नवरी होते. झोपेतल्या माणसांवर दगडामातीच्या भिंती बसल्या. आमचं घर पडलं नाही, पण माजघराच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली, बोट जाईल एवढी. सिमेंट भरलं, परत उघडली. चुना भरला, परत उघडली. तेव्हापासून मी घरात झोपले नाही. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथं माझी बाज. नवरा गेला, पोरगं शिकलं, सून आली, नात झाली, बाज तिथंच. नात आर्वीही माझ्याच कुशीत असते, कारण गोष्टी शेडातच मिळतात.

आणि सून कोण मिळाली? शिवकन्या. इमारती बांधायचं शिकून आलेली. म्हणजे बघा, मी भिंतीला भिते आणि ती भिंतीवर पोट भरते.

गावातली जुनी शाळा धोक्याची म्हणून कुलूप लावलेली. पोरं मठाच्या ओसरीत बसायची. त्यात सरकारनं सिमेंटवर धुराचा कर बसवला, म्हणजे सिमेंटची शाळा अन् सोन्याची शाळा एकाच भावात. शिवकन्या म्हणली, मी बांधते. सिमेंट नको, भट्टीची वीट नको, पोरांची पोरं शिकतील तरी टिकंल अशी.

तिचा नवरा, म्हणजे माझा मन्मथ, पुण्याला नोकरीत. तो फोनवर म्हणला, "जूनला शाळा उघडली तर ठीक. नाहीतर आर्वीला घेऊन इकडं ये. मी तिचं नाव इथं घालतो." शिवकन्या 'बरं' म्हणली. मला कुणी विचारलंच नाही. आर्वी गेल्यावर मी थापा कुणाला मारू, पत्र्याला?

ग्रामसभेत शिवकन्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. हातात मातीचा एक लाडू घेऊन उभी होती.

"या मातीत बारीक जीव आहेत. डोळ्याला दिसत नाहीत. माती, चुना अन् कडब्याचा भुसा, यात ते कालवून भिंत घालायची. भिंत वाळली की ते झोपतात. वर्षानुवर्षं झोपू शकतात. पण भिंतीला भेग पडली की हवा अन् ओल आत जाते. मग ते जागे होतात, खातात, आणि खाल्ल्याची चुनखडी होते. भेग भरली की हवा बंद. परत झोपतात. म्हणजे भिंत आपली जखम आपणच भरते."

"खातात अन् दगड हागतात," मी शेजारच्या चंद्रकलाला समजावलं.

"खातात काय?" सरपंच व्यंकटरावनं विचारलं.

शिवकन्या जरा घुटमळली. "युरिया. तो विकत आणायला नको. पोरांच्या मुतारीतनं टाकीत, टाकीतनं भिंतीतल्या बारीक नळ्यांत. वास येणार नाही. चुना वास मारतो."

चंद्रकलानं पदर नाकाला लावला, अजून भिंत बांधायची होती तरी.

"म्हणजे पोरांच्या मुतावर सरकारी इमारत उभी करायची?" व्यंकटराव म्हणला. "लोक काय म्हणतील आपल्याला?"

"व्यंकट," मी म्हणलं, "तुझ्या बापानं जुन्या शाळेच्या भिंतीवर जन्मभर तेच केलं. वाया गेलं बघ सगळं."

लोक हसले, अन् हसता हसता ठराव पास झाला.

हिवाळ्यात बांधकाम झालं. आम्ही बायकांनी पायानं चिखल तुडवला. वर बांबूचं हलकं छप्पर, मध्ये चौक, पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदात. मागच्या बाजूला मोठा लिंब होता. गवंडी म्हणला, पाडतो. शिवकन्यानं झाडाला मिठीच मारली. "याच्या सावलीसाठी तर शाळा इथं धरली," म्हणली. पोरं तर पागल झालेली. शाळा उघडायच्या आधीच तांब्यानं पाणी पिऊन मुतारीकडं पळायची. आर्वी येऊन सांगायची, "आज्जी, मी भिंतीला जेवायला घालून आले."

उन्हाळा आला. शिवकन्या कागदपत्रांसाठी लातूरला गेली होती. मी शाळेमागं लिंबोळ्या वेचायला गेले अन् उभी राहिले. मागच्या भिंतीला पोट आलेलं.

थापा नाही. जमिनीपासून हातभर वर, चांगला परातीएवढा फुगवटा. पांढरा, गुळगुळीत. मी हात लावला तर कोमट. मग मी काय केलं? मला भ्या वाटलं की मी जे करते तेच. चंद्रकलाच्या दारात गेले अन् म्हणलं, "ऐकलंस का, शाळेला दिवस गेलेत."

"कुणाकडून?" चंद्रकलानं विचारलं.

एवढंच विचारलं तिनं. पुढचं सगळं गावानं आपल्या मनानं ठरवलं. कुणी म्हणलं वाऱ्याकडून, कुणी म्हणलं गवंड्याकडून. बायका स्वतः बघून आल्या. आमच्याकडं पोटुशी बाई दारात असताना तिला काही न घालता कुणी घास खात नाही, मग ती बाई असो, गाय असो, नाहीतर शाळा. सगळ्या म्हणल्या, डोहाळजेवण करायचं.

मागं काटे अन् सांडपाण्याचा चर, म्हणून सोहळा पुढच्या दारात केला. दाराला हिरवं लुगडं नेसवलं. चौकटीला चुडा भरला. पदर पसरायला शाळेला हात कुठले, म्हणून पायरीवर भरली. खायला काय घालायचं हा प्रश्न पडला, तर आर्वीनं ओसरीवरचं टाकीचं झाकण दाखवलं, "हे तिचं तोंड." मग गुळाचं पाणी गेलं, दूध गेलं, ताक गेलं, तिळाचं कूट गेलं. पोटुशीला हाडासाठी चुना लागतो, म्हणून म्हाताऱ्यांनी आपापल्या पानतंबाखूच्या चंचीतल्या चुन्याच्या डब्या खरवडून टाकल्या. गाणी म्हणली. मी सगळ्यात मोठ्यानं.

आठवड्यात पोट बैलाएवढं झालं. मागचं दार उघडंना.

शिवकन्या परत आली ती थेट शाळेवर गेली. मी मागोमाग. भिंतीसमोर ती अशी उभी राहिली, जशी बाई मेल्या माणसाला रस्त्यात चालताना बघती. पिशवी हातातनं गळली.

"आत्या, हे काय आहे?"

"सातवा महिना," मी म्हणलं.

ती हसली नाही. मी सगळं सांगितलं, गूळ, ताक, चंच्या. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांनी पास केलं तरच शाळा उघडणार होती.

व्यंकटराव धावत आला. "काही होत नाही. छिन्नी-हातोडा घेऊ, पोट छिलू, वर गेरू मारू. साहेबाला काय कळतंय?"

"त्यांच्याकडं यंत्र आहे," शिवकन्या म्हणली. "भिंतीला लावलं की आतलं ऐकू येतं."

"मग? छिलल्यावर ऐकू येईल का काही?"

"नाही. भिंत घट्टच आहे. भिंत पास होईल."

"मग छिल," मी म्हणलं. "गेरू मी कालवते." माझ्या डोळ्यापुढं पुण्याची गाडी अन् तिच्या खिडकीत आर्वीची वेणी. दुसरं काही दिसतच नव्हतं.

गवंडी छिन्नी घेऊन आला. पहिला घाव बसणार, तेवढ्यात शिवकन्यानं त्याचा हात धरला. माझ्याकडं वळली.

"आत्या, तुम्ही खायला कुठं घातलं?"

"सांगितलं की. पुढं, टाकीत."

"टाकीतनं नळ्या सगळ्या भिंतींत जातात. जेवण चारी भिंतींना सारखं मिळालं. मग पोट एकाच भिंतीला का आलं?"

मी म्हणलं, "तिला गोड जास्त आवडत असंल."

"ते खाल्ल्याशिवाय वाढत नाहीत, हे खरं. पण जागे झाल्याशिवाय खात नाहीत. अन् भेग पडून हवा आत गेल्याशिवाय जागे होत नाहीत." तिचा आवाज बारीक होत गेला. "हे पोट नाही, आत्या. ही सूज आहे. आत कुठंतरी मोडलंय."

तिनं स्वतः कुदळ घेतली. फुगवट्याच्या शेजारी भुई खणायला लागली. काळी माती उन्हानं दगडासारखी झालेली. हातभर खणल्यावर कुदळ एकदम आत गेली, जशी सुरी पपईत जाते. शिवकन्या पालथी पडली अन् हात आत घातला. मग मला म्हणली, "घाला."

मी भिंतीच्या पायाखाली हात घातला. कोपरापर्यंत गेला. तिथं माती असायला पाहिजे होती. काहीच नव्हतं. आत गार लागलं, अन् माझ्या अंगावर असा काटा आला, जसा भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आला होता. भिंत अधांतरी होती. फक्त ते पोट खाली जमिनीला टेकलेलं होतं. अख्खी मागची बाजू त्या पोटावर उभी होती.

गवंड्यानं छिन्नी हळूच खाली ठेवली, जशी झोपलेल्या लेकराजवळ वाटी ठेवावी.

"लिंब," शिवकन्या म्हणली. "मी माती तपासली हिवाळ्यात, ओलीगच्च असताना. उन्हाळ्यात लिंबानं या बाजूचं पाणी सगळं पिऊन टाकलं. काळी माती पाण्यानं फुगते अन् वाळली की आकसते. पाया तिच्यासोबत खाली जायला लागला. मी पाया उथळ ठेवला, दगड वाचवायला. झाड वाचवलं, दगड वाचवला, अन्..." हाताची माती बघत राहिली.

"छिललं असतं तर?" व्यंकटरावनं विचारलं.

"आज नाही पडली तरी पोरं आत असताना पडली असती."

मग व्यंकटराव खाकरला. "हे बघ पोरी. छिलायचं नाही, कबूल. पण खड्डा बुजवू. पोटापुढं फळ्यांची कपाटं लावू. साहेब गेला की निवांत दुरुस्त कर. शाळा तर उघडंल."

तो वाईट माणूस नाही. त्याचाही नातू आहे. शिवकन्यानं माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं ती काय विचारतेय. साहेबाला दाखवलं तर शाळा बंद, अन् शाळा बंद तर आर्वी पुण्याला. माझा हात अजून गारच होता.

"मला काय बघतेस?" मी म्हणलं. "थापा मारायचं काम माझं. तुझं नाही ते."

सोमवारी साहेब आले. हलगरे साहेब, उंच, सडसडीत, घामानं भिजलेले. ऊन म्हणजे तव्यावर बसल्यासारखं. शिवकन्या यायला उशीर होता म्हणून मी त्यांना ताकावर धरलं. एक तांब्या, दुसरा तांब्या, म्हशीची गोष्ट, तिसरा तांब्या. मग शिवकन्या आली. तिनं यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही. सरळ मागं नेलं.

"साहेब, आधी इथं हात घाला."

त्यांनी घातला. त्यांचं तोंड पांढरं झालं. हात काढून ते चार पावलं मागं सरकले, अन् वर छपराकडं बघत आणखी चार.

"मॅडम, तुम्ही हे मला का दाखवताय? मला हे कळलंच नसतं."

"म्हणूनच."

साहेबांनी कपाळ पुसलं. "मी ही इमारत पास करू शकत नाही."

व्यंकटरावनं डोक्याला हात लावला. आर्वी लिंबाखाली सागरगोटे खेळत होती. मी तिकडं बघितलंच नाही.

"पायाखाली काँक्रीट भरलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तिथले जीव मरतील. अन् माती दर उन्हाळ्याला हलणारच." शिवकन्या खाली बसून फुगवट्यावर हात फिरवायला लागली. "पण हे बघा. हे थांबलेलं नाही. खाली चाललंय. याला खायला मिळत राहिलं तर दिवाळीपर्यंत खालच्या कठीण मुरमाला टेकेल. मुरूम हलत नाही. मग ही बाजू कधीच बसणार नाही."

"खायला म्हणजे?"

"ताक-गूळ नाही, तो आगाऊपणा झाला. युरिया. रोज. पण एवढ्या पोरांचा पुरणार नाही."

"किती लागंल?" मी विचारलं.

"अख्ख्या गावाचा."

कुणी कुणाच्या तोंडाकडं बघंना. तेवढ्यात हलगरे साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मी तीन तांबे मोजून पाजले होते.

"इथं... सोय कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"या साहेब, या," मी म्हणलं. "नारळ फोडायचा मान तुमचा."

गाव आजवर तसं हसलेलं नाही. साहेब मुतारीतनं बाहेर आले ते लाल होऊन, पण त्यांनीच वाट काढली. इमारत बंद राहील. पण शाळा लिंबाखाली पलीकडच्या अंगाला मांडवात भरंल, भिंतीपासून लांब. तशी लेखी परवानगी देतो म्हणले. यंत्रानं मुरूम लागल्याचं सांगितलं की पोरं आत.

शिवकन्यानं मन्मथला फोन लावला, माझ्यासमोरच. काही लपवलं नाही. चूक माझी म्हणली, इमारत बंद आहे म्हणली, पण शाळा जूनला उघडणार आहे.

"म्हणजे माझी पोरगी झाडाखाली शिकणार, अन् माझं गाव रांगेत उभं राहून मुतणार," मन्मथ म्हणला.

"हो," शिवकन्या म्हणली.

"आई आहे का तिथं? हे तिनं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

पोळ्याला तो घरी आला. एसटीतनं उतरला तो थेट शाळेकडं गेला. मला म्हणला, "स्वारगेटपासून धरून ठेवलंय." माझंच पोरगं ते.

पाच-सहा महिने गावानं नेमानं काम केलं. व्यंकटराव सकाळी फेटा बांधून यायचा. बायकांनी आपली वेळ लावून घेतली. सोयरे आले तरी आधी शाळेवर न्यायचे, मग चहा. दिवाळी झाली अन् हलगरे साहेब यंत्र घेऊन आले. भुईला कान लावून बसले. मग उठून शिवकन्याला नमस्कार केला. मुरूम लागला होता. पोरं आत गेली. आर्वी मागच्या भिंतीला टेकूनच बसती. त्या पोटावर पोरांनी घसरगुंडी केलीय.

आता इथंच गोष्ट संपवली असती. पण सांगितलं ना, चार आणे राहिलेत.

काम झालं म्हणून गावानं रांग सोडली. लोक आपापल्या घरी मोकळे व्हायला लागले. संक्रांतीच्या आधी मी मोरीत पाय धुवायला गेले, तर फरशीच्या फटीतनं पांढरा कोंब वर आलेला. करंगळीएवढा, गुळगुळीत. मी हात लावला. कोमट.

शिवकन्याला हाक मारली. ती आली अन् वाकून बघायला लागली.

"शाळेपासून इथपर्यंत..." ती म्हणली. "काळ्या मातीच्या भेगांतनं आलंय, आत्या. भेगेत हवा असते. तिथं जेवण कमी पडलं म्हणून..."

"म्हणून जेवण शोधत आलं," मी म्हणलं.

"हे माझ्या हिशोबात नव्हतं. हे कुठंच नव्हतं." ती घाईघाईनं चंद्रकलाकडं बघायला गेली. तिच्या मोरीत होतं. व्यंकटरावच्या तर दोन ठिकाणी, तो मधुमेही आहे. शिवकन्या परत आली ती घामाघूम. "साहेबांना कळवते. ते येईपर्यंत याला काही घालायचं नाही, आत्या. कुठवर जाईल सांगता येत नाही. ऐकताय ना?"

"ऐकायलेय की."

ती फोनवर बोलत अंगणात गेली. तेवढ्यात माजघरातनं आर्वी म्हणली, "आज्जी, इकडं ये. माझं बोट जाईना."

मी उंबऱ्याशी थांबले. मग आत गेले. भूकंपाची भेग. वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ, जशी जुनी जखम भरल्यावर राहते. मी माझं बोट लावलं. नख लावलं. कुठंच जाईना. भिंतीला गाल लावला. दगड कोमट होता.

मी बाहेर आले, शेडातली बाज उचलली अन् आर्वीला म्हणलं, "धर तिकडनं." आम्ही दोघींनी ती माजघरात आणून त्या भिंतीला टेकवली. दुपारची वेळ होती. मी आडवी झाले. छप्पर बघितलं. इतक्या वर्षांनी ते खालून कसं दिसतं तेच विसरले होते.

"आज्जी, भ्या वाटतंय का?"

"छट. इकडं ये." तिला जवळ घेतलं अन् अंगणातल्या शिवकन्याला ऐकू जाणार नाही असं कानात सांगितलं, "उद्यापासून सकाळी शाळेत जाऊस्तोवर धरून ठेवायचं नाही. आपल्या मोरीतच बसायचं. अन् आईनं विचारलं तर म्हणायचं, आज्जी थापा मारती."